नाकाडी आणि कपडेपटातली ओल

राजे मेल्यानंतर शिंकले.

दुपारचा प्रयोग होता, तिसऱ्या अंकाचा शेवट. रंगमंचावर खराखुरा पाऊस पडत होता, राजे छातीत तलवार घेऊन निपचित पडले होते, राणी केस मोकळे सोडून टाहो फोडत होती, आणि प्रेतानं सणसणीत शिंक दिली. मग दुसरी. तिसऱ्या शिंकेला बाल्कनीतून कुणीतरी ओरडलं, "अहो बाई, रडू नका, आहेत ते!" आणि सगळं थिएटर खदाखदा हसलं. राणीसुद्धा हसली. पाठ प्रेक्षकांकडे होती म्हणून निभावलं, एवढंच.

राजे हे काही त्यांचं नाव नव्हे. अठरा वर्षं राजांच्याच भूमिका करून ते नाव त्यांना चिकटलं होतं, आणि मुकुट उतरला तरी तोरा उतरत नव्हता. पडदा पडल्याबरोबर त्यांनी अंगातला मखमली झगा काढला, मॅनेजरच्या तोंडावर फेकला आणि म्हणाले, "ह्या कफनात मी पुन्हा मरणार नाही."

मॅनेजर तो झगा घेऊन तळघराचा जिना उतरला. रंगमंचाच्या बरोबर खाली कपडेपट होता: लांबट, बुटकी खोली, दोन्ही बाजूंना लाकडी कपाटं, मध्ये लटकणाऱ्या कपड्यांच्या रांगा. साडेसहाशे पोशाख. आणि दारात, कमरेवर हात ठेवून, ती.

तिला तोंडावर सगळे काकू म्हणत आणि पाठीमागे नाकाडी. हे तिला माहीत होतं. तोंडावर नाकाडी म्हटलं असतं तर तिला जास्त आवडलं असतं. निदान माणसात हिंमत आहे एवढं तरी कळलं असतं.

"काकू, हा झगा हुंगा."

"हुंगायचं काय त्यात? तुम्ही जिन्यात होतात तेव्हाच कळलं. पाठीच्या अस्तरात बुरशी आहे. डावीकडे जास्त."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"चार महिन्यांत सहा वेळा लिहून दिलंय. तुमच्या टेबलाच्या खालच्या कप्प्यात असेल बघा. त्यावर तुम्ही चहाचा कप ठेवता."

मॅनेजर तांबडा झाला. तसा तो वाईट माणूस नव्हता, पण चूक कुणाच्या तरी गळ्यात घातल्याशिवाय त्याला जेवण जात नसे. "हे बघा, खोली तुमची, कपडे तुमचे, वास तुमचा. आजपासून आठ दिवस. आठव्या दिवशी मी स्वतः इथे येऊन हुंगणार. वास आला तर सगळं कचऱ्यात. एकूणएक. भाड्यानं कपडे देणारा माणूस कधीचा मागे लागलाय, त्याला बोलावतो."

"सगळं म्हणजे?"

"सगळं म्हणजे सगळं."

"आणि वास नाही आला तर?"

"तर राहू द्या तुमची चिंध्यांची बाग."

तो गेल्यावर तिनं झगा काठीच्या टोकानं उचलला, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला आणि तोंड बांधलं. आत झटकला असता तर बुरशीची पूड उडून शेजारच्या चाळीस कपड्यांवर बसली असती. रडणं, कपाळावर हात मारणं वगैरे ती करत नसे. त्यासाठी वर माणसं ठेवलेली होती.

एकोणिसाव्या वर्षी ती इथे हूक आणि गुंड्या लावायला आली. आई लाँड्रीत इस्त्री करायची. पोर बोचक्यांवर वाढलेली. कुठला सदरा अर्धवट वाळवून घडी केलाय हे तिला वासावरून कळायचं, आणि हे सगळ्यांनाच कळत असेल अशी तिची कितीतरी वर्षं समजूत होती. तेव्हाचे कपडेपटाचे मास्तर म्हातारे, तिरसट. त्यांनी तिला शिवण शिकवलीच, पण त्याआधी हवा शिकवली. "कपडा अंगावर झिजून मरत नाही पोरी, बंद कपाटात गुदमरून मरतो." मास्तर गेले आणि खोली तिच्याकडे आली. तिरसटपणा बहुतेक खोलीबरोबरच मिळाला असावा.

तिचे नियम साधे होते आणि ते कुणालाही आवडत नसत. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे. मागून हवा फिरली पाहिजे. जमिनीवर काही ठेवायचं नाही, बूटसुद्धा नाही. घामाचा कपडा उंबरठ्याच्या आत येणार नाही. आधी बाहेरच्या बोळकंडीतल्या दोरीवर वाळेल, मग आत. नटमंडळींना हे लागायचं. टाळ्या घेऊन खाली यावं आणि ह्या बाईनं काखेत नाक घालून "अजून ओलं आहे, बाहेर" म्हणावं! एकदा एका सेनापतीनं चिडून चिलखत तिच्या पायाशी आपटलं होतं. तिनं पुढच्या प्रयोगाला त्याला ते तसंच, न पुसता चढवलं. त्या रात्री सेनापती लढाई अर्धी टाकून खाजवत बसले. पुन्हा काही आपटलं गेलं नाही.

आता मात्र तिच्याच नाकी नऊ आले होते. भिंतीवर दमटपणा मोजायचा काटा होता. साठच्या खाली असला की ती निवांत. सध्या तो चौऱ्याऐंशीवर ठाण मांडून बसला होता.

पहिले तीन दिवस तिनं कपडे बाहेर काढले. मागच्या अंगणात दोऱ्या बांधल्या, नाकातोंडाला फडकं बांधून एकेक कपडा उन्हात झटकला, मऊ ब्रशनं घासला, चामड्याचे पट्टे स्पिरिटनं पुसले. जाणारेयेणारे नट हसत. "काकू, वाळवण घातलंत का?"

"हो. एक दोरी रिकामी आहे, तुम्हाला टांगू?"

पण संध्याकाळी कपडे आत गेले की सकाळी पुन्हा तो बोटांना लागणारा गारवा. दिग्दर्शक, पोरगेलासा, कायम मफलर गुंडाळलेला, जिन्यावरून डोकावून म्हणाला, "काकू, मागचं दार उघडं ठेवा की चोवीस तास. एवढं साधं आहे."

"बाहेरची हवा आतल्यापेक्षा ओली असेल तेव्हा दार उघडणं म्हणजे चोराच्या हातात किल्ली देणं. दुपारी बारा ते तीन बाहेर कोरडं असतं, तेव्हा उघडते मी. बाकीचं काम त्या पंख्याचं होतं." तिनं छताजवळच्या झरोक्याकडे बोट दाखवलं. तिथे हवा बाहेर फेकणारा पंखा होता; त्याच्यावर आता फळी ठोकलेली होती. "ती फळी कुणी मारायला लावली?"

"पंख्याची घरघर पहिल्या रांगेत ऐकू येते. माझ्या नाटकात शांतता हेच एक पात्र आहे."

"त्या पात्राला माप देऊन जायला सांगा. कपडे शिवते त्याचे."

चौथ्या दिवशी तिनं मास्तरांची जुनी युक्ती केली. प्लॅस्टिकचे हातभर तुकडे कापून चारी भिंतींवर आणि छतावर चिकटवले, कडा चिकटपट्टीनं घट्ट बंद केल्या. दुसऱ्या दिवशी पाहायचं: पाणी तुकड्याच्या मागच्या बाजूला धरलं तर ओल भिंतीतून येतेय, पुढच्या बाजूला धरलं तर भिंत निर्दोष, पाणी खोलीच्या हवेत आहे.

पाचव्या दिवशी सकाळी चारी भिंतींचे तुकडे मागून कोरडे होते. पुढून मात्र दवबिंदू. आणि छतावरच्या तुकड्याच्या मागे तर धार लागायची बाकी.

छताच्या वर रंगमंच. रंगमंचावर तो पाऊस. आणि पावसाखालचा पत्र्याचा भलाथोरला ट्रे बनवणारा सुतार म्हणजे तिचा नवरा. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

चोवीस वर्षांचा संसार. तो वर ठोकायचा, ती खाली शिवायची, आणि घरी आल्यावर दोघंही एकमेकांना टोचायचे. दुपारी तो जेवायला घरी आला तेव्हा ती पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली,

"तुमचा ट्रे गळतोय."

"माझा ट्रे गळत नाही."

"मी प्लॅस्टिक लावून पाहिलंय."

"मी पाणी भरून पाहिलंय. दोन दिवस. खाली कागद अंथरून. एक थेंब नाही."

"मग माझ्या छताला काय रडू फुटलंय?"

"तुझ्याखाली राहायचं म्हटल्यावर कुणालाही फुटेल."

"मी खाली आहे हो. तुम्ही वर आहात. चोवीस वर्षं वरून गळताय माझ्यावर."

त्यानं ताट सरकवलं. "चल. आत्ताच्या आत्ता चल. थेंब दाखव. थेंब दिसला तर मी सुतारकी सोडली. नाही दिसला तर तू सगळ्यांसमोर माझी माफी मागायची."

"जेवून चला. उपाशी हरू नये माणसानं."

रंगमंच आणि तळघराचं छत ह्यांच्यात कमरेएवढी पोकळी होती. दोघं रांगत आत शिरले, तो पुढे बॅटरी घेऊन, ती मागे. डोक्यावर ट्रेचा तळ. दिग्दर्शकाला पाण्यात दिवे हललेले हवे होते आणि दर वेळी पाणी कोण भरणार, म्हणून प्रयोग नसतानाही ट्रेमध्ये बोटभर पाणी कायम असायचं. सुतारानं एकेका सांध्यावरून बोट फिरवलं. "बघ. कथलाचा डाग दिला तसाच आहे. सांधा कोरडा. हा पण कोरडा. बघ, बघ ना आता! तोंडात मिठाची गुळणी धरलीस का?"

ती सांध्यांकडे पाहतच नव्हती. तिचं नाक दुसरीकडे वळलं होतं. ट्रेच्या मधल्या भागाखाली, पत्रा आणि फळ्या ह्यांच्यात, काहीतरी जाड, काळपट कोंबलेलं होतं. तिनं हात घातला. चिखलात हात गेल्यासारखा बोटं आत रुतली. पिळलं तर पाणी मनगटावरून कोपरापर्यंत आलं. कडेला पांढरट छत्र्यासुद्धा उगवलेल्या.

"हे काय आहे?"

सुताराचा आवाज खाली आला. "पत्र्यावर पावलं वाजायची. राजे म्हणाले, मी राजा आहे, रिकामा डबा नाही. दिग्दर्शक म्हणाला, आवाज मार. मग खाली जाड कापड भरलं, घड्या घालून. आवाज मेला."

"आणि हे भिजलं कसं, ट्रे गळत नाही तर?"

"तेच तर. गळत नाहीच. मग कसं—"

"गार पाण्याचा तांब्या ओट्यावर ठेवला तर खाली ओलं वर्तुळ उमटतं. तांब्या गळतो का?"

त्यानं बॅटरी वर पत्र्यावर धरली. पत्रा पाण्यानं गार, आणि त्याच्या वर दिव्यांची, माणसांची, घामाची ऊबदार हवा. तीच खाली शिरायची. चार महिने पत्र्याच्या तळाला घाम सुटत होता आणि हे कापड तो पीत बसलं होतं. थेंबही खाली पडला नाही, कारण पडायला मोकळा राहिलाच नाही; नुसती वाफ, दिवसरात्र, तिच्या साडेसहाशे पोशाखांवर.

"तुम्हाला अक्कल कशी ती..." ती एवढंच म्हणाली आणि थांबली. बॅटरीच्या उजेडात कापडाची कड दिसली होती. सोनेरी झालर. तिच्या हातची शिवण, दुहेरी टाका. जुना दर्शनी पडदा. चार महिन्यांपूर्वी सुतारानं विचारलं होतं, "एखादं जाड कापड पडून आहे का?" आणि कपाट मोकळं होतंय ह्या आनंदात तिनं, कशाला हवंय हेसुद्धा न विचारता, तो पडदा त्याच्या डोक्यावर दिला होता. घेऊन जा म्हणाली होती, परत आणू नका म्हणाली होती.

तिनं पाहिलंय हे त्यानं पाहिलं. चोवीस वर्षांत पहिल्यांदाच त्याला टोमणा मारायची एवढी सोन्यासारखी संधी आली होती. त्यानं ती घेतली नाही. त्यामुळे तिला जास्तच राग आला.

"बघताय काय? प्लॅस्टिक आणा मोठं. इथेच गुंडाळायचा, बांधायचा, मग बाहेर. माझ्या खोलीतून नाही न्यायचा. आणि येताना पटाशी आणा, झरोक्यावरची फळी काढायची आहे."

"दिग्दर्शकाला विचारल्याशिवाय?"

"फळी मारताना मला विचारलं होतं?"

पडदा निघाला, चार माणसांनी उचलला. सुतारानं ट्रे उचलून जुन्या टायरच्या रबराच्या तुकड्यांवर बसवला, खाली चार बोटं मोकळी ठेवून, हवा आरपार जाईल अशी. प्रयोग संपला की ट्रे रिकामा करून पुसायचा असंही तिनं त्याच्याकडून कबूल करून घेतलं. पंखा सुरू झाला. काटा पंचाहत्तरवर आला, मग अडुसष्टवर.

सहाव्या दिवशीच्या प्रयोगात राजांची पावलं वाजली. पूर्वीइतकी नाही, रबरानं बराच आवाज खाल्ला होता, पण वाजली. राजे विंगेत येऊन गरजले, दिग्दर्शक मफलर सोडून धावला. "काकू! पंखा बंद! पडदा परत!"

ती दोरीवरचे अंगरखे उलटे करत होती. "पडदा कचऱ्याच्या गाडीत गेला. जाऊन मागे पळा."

"माझ्या शांततेचा खून केलात तुम्ही!"

"शिंकेला किती माणसं हसली होती?"

"सगळी."

"आज पावलांना किती हसली?"

त्यानं मान हलवली, कुणी नाही. ती वळली. "मग जा. शांततेला सांगा, काकूंच्या मते पावलं शिंकेपेक्षा बरी."

सातवा दिवस तिनं कात्री घेऊन काढला. काही कपडे वाचणार नव्हते. बुरशीनं धागाच खाल्ला होता. बोटानं दाबलं की बिस्किटासारखा तुकडा पडायचा. तिनं ते निवडले, एकतीस निघाले. मास्तरांनी शिवलेला एक लांब कोट होता त्यात, निळा, कॉलरवर बारीक वेलबुट्टी. दोनदा बाजूला ठेवला, दोनदा परत घेतला. शेवटी गुंड्या कापून घेतल्या आणि कोट पिशवीत घातला. एक आजारी कपडा दयेपोटी ठेवला तर तो शेजारच्या दहांना घेऊन जातो, हे मास्तरांनीच शिकवलं होतं.

आठव्या दिवशी सकाळी मॅनेजर आला. सोबत कपडे भाड्यानं देणारा, गुळगुळीत चेहऱ्याचा, हातावर नमुन्याचा एक शाही कोट. त्यांच्या मागे दिग्दर्शक, राजे, आणि सगळ्यात मागे, जिन्याच्या पायरीवरच थांबलेला सुतार.

काटा अठ्ठावन्नवर होता. मॅनेजरनं काट्याकडे पाहिलंही नाही. कपाटं उघडली, कॉलरी हुंगल्या, काखा हुंगल्या, अगदी कोपऱ्यात फळीवर ठेवलेल्या बुटात नाक घातलं. मग राजांनी हुंगलं. सगळे त्यांच्या नाकाकडे पाहत राहिले. ते नाक हललं, फुललं, आणि काही न होता परत जागेवर आलं.

"पण असं झालंच कसं?" मॅनेजर म्हणाला. हुंगून काही हाती लागलं नाही, तेव्हा माणूस हवा होता. "ट्रेखाली पडदा कोंबलेला होता म्हणे. कुणाचं डोकं हे?" आणि त्यानं पायरीकडे पाहिलं.

दिग्दर्शकाला एकाएकी मफलर नीट करावासा वाटला. राजांनी छताकडे पाहिलं. अळीमिळी गुपचिळी. सुतार एक पायरी खाली उतरला, तोंड उघडलं—

"पडदा मी दिला," ती म्हणाली.

"तुम्ही?"

"मी. माझ्या कपाटातून काढून. कशाला ते विचारलं नाही. पंधरा जणांना दारातून परत पाठवते मी, आणि ह्या एका माणसाला विचारलं नाही. कारण घरचा होता."

"म्हणजे ओल तुमचीच!" मॅनेजरचा चेहरा उजळला. "मग आता मी काय समजायचं? उद्या पुन्हा—"

"मला काय करायचं ते करा. बोली कपड्यांची होती. वास आला तर कचरा, नाही आला तर राहतील. आला का वास?"

"तसा नाही, पण—"

"साहेब, एवढा त्रास कशाला," भाडेवाला मधाळ आवाजात पुढे झाला. "आमचा माल बघा. नवा कोरा."

तिनं त्याच्या हातावरचा कोट घेतला. हुंगला नाही. नुसता उलटा केला, अस्तराची शिवण नखानं दोन बोटं उसवली आणि मॅनेजरच्या नाकाखाली धरला. आतल्या कापडावर मोहरीएवढे काळे ठिपके होते, कॉलरपासून कमरेपर्यंत.

"वरून अत्तर मारलंय. कालच," ती म्हणाली. "राजे, जरा इकडे या. घाला हा."

राजे दोन पावलं मागे सरले. "मॅनेजर," ते म्हणाले, "मी तिचेच घालीन." आणि तिच्याकडे न पाहता जिना चढून गेले.

भाडेवाल्यानं कोट हिसकावून घेतला, उसवलेल्या शिवणीबद्दल काहीतरी पुटपुटला आणि त्यांच्या मागोमाग गेला. मॅनेजर जिन्याच्या पहिल्या पायरीवरून मागे वळला. त्याला काहीतरी शेवटचं बोलायचं होतं. "पंखा चालू ठेवा," तो म्हणाला, जणू पंखा ही त्याचीच कल्पना होती.

खोलीत दोघंच उरले. सुतार खाली आला. कपाळावर आठ्या.

"मी बोलणार होतो. मला वाचवायला कुणी सांगितलं होतं तुला?"

"तुम्हाला कोण वाचवतंय? तुम्ही बोलला असता तर अर्धा तास बोलला असता, आणि त्यात तुमचा ट्रे गळत नाही हे दहा वेळा सांगितलं असतंत."

"नाहीच गळत."

"नाही गळत," ती म्हणाली.

तो तिच्याकडे बघतच राहिला. बहुतेक ही माफी होती. नक्की सांगता येत नव्हतं.

"आता उभे काय राहिलात?" तिनं दाराशी ठेवलेल्या पिशव्यांकडे हात केला. "एकतीस आहेत. उचला, आणि जिन्यावरून ओढू नका. फाटली एखादी, तर पुन्हा पहिल्यापासून."

त्यानं चार पिशव्या एकदम खांद्यावर घेतल्या आणि वर चढू लागला. ती मागोमाग निघाली, दोन हातांत दोन, आणि सबंध जिनाभर त्याला कुठे पाय ठेवायचा ते सांगत राहिली.